पानावरचा दगड

आश्रमशाळेत मूल्यशिक्षणाचा तास चालू होता. मॅडमनी नववीतल्या सुकरीला वर्गासमोर उभं केलं. त्यांचं हरवलेलं घड्याळ हातपंपाजवळ पळसाच्या पानाखाली सापडलं होतं आणि ते पान सुकरीनेच ठेवलं होतं.

"लपवलंस ना?"

"लपोलं नाई, मॅडम. आमच्या गावात कोणाचं काई पडून दिसलं, तं त्याच्यावर पान अन् दगड ठेवतो. मंग मालकाशिवाय कोणीच हात लावत नाई."

"मोठी शहाणी! उचलून मला का आणून दिलं नाहीस?"

सुकरीने मान वर केली. रागाने तिचा आवाज फाटला.

"आपल्या वर्गातल्या करिश्माले तुमचा मोबाईल सापडला, तं तिनं आणून देल्ला. तुमी तिचीच पेटी साऱ्यायसमोर उलटी केली. घरी गेली, ते परत आलीच नाई."