चौथं बटण

गौतमीनं पेटीच्या तळाचे दोन स्क्रू काढले, तेव्हा आईनं सुपातून मान वर केली.

"का गं मोडतियास?"

"परवा परीक्षेला दाखवायची होती. नाही दाखवणार. शिक्षणही पुरे झालं आता."

आईनं तांदळाचं सूप बाजूला सारलं. बाप जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि पोरीनं एवढे शब्द पहिल्यांदाच एका दमात काढले होते.

गौतमी पुण्यात विद्यापीठात शिकत होती. विषय, माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद. गावी, कोळवणात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजी रिपेरिंग व्हय?" मग तिचा बाप जयसिंग आपल्या प्रवासी जीपच्या खिडकीतून ओरडायचा, "न्हाई वो! मानसाचं म्हननं यंत्राला कसं कळंल, त्ये शिकतिया!" त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अभिमान मात्र जीपभर होता.

त्याच जयसिंगला अर्धांग झालं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. गौतमीनं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बदलून घेतला, घरी आली आणि बापासाठी ही लाकडी पेटी बांधली. डाव्या हातानं सहज दाबता येतील अशी चार मोठी बटणं. दाबलं की शब्द यायचा, आणि तोही जयसिंगच्याच आवाजात. तो होस्टेलवर तिला मोबाइलवरून बोलके निरोप पाठवायचा. त्यातलाच एकेक शब्द तिनं कापून घेतला. 'खाचरात पाणी सोडलंय' मधलं पाणी. 'चा घेतला का' मधला चा. 'गुडघा दुखतोय' मधलं दुखतोय.

चौथं बटण 'मला बाहेर न्या' यासाठी हवं होतं. पण 'बाहेर' हा शब्द एकाही निरोपात सापडेना. शेवटी 'शनिवारी न्यायला येतो' मधलं 'येतो' तिनं तिथं बसवलं. बापाला समजावलं, "आप्पा, अंगणात यावंसं वाटलं की हे दाबायचं." जयसिंगनं मान हलवली.

कुठलं बटण कधी दाबलं, ते पेटी टिपून ठेवायची. एकेचाळीस दिवसांत 'चा' दोनशेच्या वर गेला. 'दुखतोय' फक्त तीनदा, कारण माणूसच तसला होता. 'येतो' एकदाच.

"एकदाच मागितलं गं आप्पांनी काहीतरी," गौतमी म्हणाली. "त्या मंगळवारी. सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, शेवटी बाहेर पडावंसं वाटलं त्यांना. थांबा आप्पा, खुर्ची आणते, म्हणत मी पडवीत पळाले. तर चाकात हवाच नाही. पंप शोधला, हवा भरली. अकरा मिनिटं लागली, आई. परत आले तर हात बटणावर तसाच होता आणि…"

तिनं स्क्रू मुठीत दाबून धरले.

"साधं अंगण दाखवलं नाही मी त्यांना. आणि म्हणे माणसाचं म्हणणं कळायचं शिक्षण घेतेय."

आईनं पेटी ओढून मांडीवर घेतली, चारही बटणांवरून बोट फिरवलं आणि शेवटचं दाबलं.

"येतो," जयसिंग म्हणाला.

दोघींच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"त्यांना अंगनात कशाला यायचं हुतं?" आई म्हणाली. "सव्वीस वर्षं ह्याच वक्ताला जीप काढायचे, पौडच्या पयल्या फेरीला. उंबऱ्यातनं रोज ह्योच शब्द. घरातनं निघताना मानूस 'जातो' म्हनतं व्हय गं?"

गौतमीची मूठ सुटली. स्क्रू जमिनीवर घरंगळत गेले.

"म्हणजे मला कळलंच नाही," ती पुटपुटली.

"मला तरी कुटं कळलं?" आईनं पदरानं पेटी पुसली. "मी चुलीपाशी भाकरी थापत हुते. आवाज आला. रोजच्यावानी, वळून बी न बघता म्हनले, 'या.'"