भाडेकरूचा शेवटचा थेंब

ताईने प्रयोगशाळेच्या डीप फ्रीझरमधून बोटाच्या पेराएवढी नळी काढली, उजेडात धरली आणि धाकट्या भावाला म्हणाली, "भाडेकरू."

धाकट्याने आधी नळीकडे पाहिलं, मग ताईकडे. भाडेकरू हा त्यांच्या लहानपणीचा बोका. घरात राहायचा, दोन्ही वेळ जेवायचा, पंख्याखालची जागा अडवायचा आणि भाड्याचं नाव काढायचा नाही, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव.

"त्याला तर आपण पुरलं होतं," धाकटा म्हणाला. "मी शाळेचा बूट घालून उभा होतो. तू भाषणही केलंस."

"पुरलं ना. एवढंसं सोडून."

तेव्हा ती जनावरांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती. रडून झाल्यावर तिने नमुना घेतला होता. की नमुना घेऊन झाल्यावर रडली होती, हे तिला आता आठवत नव्हतं.

आज धाकटा स्वतःच्या घरचं पिल्लू तपासायला घेऊन आला होता. कालपासून ते ओकत होतं, पाण्यालाही तोंड लावत नव्हतं. डॉक्टरांना शंका होती ती भाडेकरूला नेणाऱ्या रोगाचीच. घरी आणखी तीन मांजरं होती आणि पिल्लू कुशीत असल्याशिवाय न झोपणारी एक मुलगी. हा विषाणू एकट्यावर थांबत नाही, अख्खं घर धुऊन नेतो.

"पण तपासायचंय माझं पिल्लू," तो म्हणाला. "याला कशाला उठवतेस?"

"मशीनमध्ये दरवेळी एक पक्का आजारी सोबत घालावा लागतो. त्याची रेघ वर चढली तर समजायचं, मशीन जागं आहे. नाहीतर पिल्लात काही सापडलं नाही म्हणणं म्हणजे झोपलेल्या वॉचमनने चोर आला नाही म्हणून सांगणं."

"म्हणजे इतकी वर्षं तू त्याला पुन्हापुन्हा आजारी पाडतेस."

"दर मंगळवारी."

धाकट्याने मान डोलावली. भिंतीवर एक भलंमोठं झाड छापून लावलं होतं. आजवर आलेल्या आजारी मांजरांच्या विषाणूंची जनुकीय अक्षरं वाचून, कोण कोणाच्या नात्यात बसतो ते त्यात मांडलं होतं. सगळ्यात खालच्या फांदीवर बारीक अक्षरांत भाडेकरू.

"आपल्या पणजोबांचं नाव आपल्याला माहीत नाही," तो म्हणाला, "आणि बोक्याची वंशावळ भिंतीवर."

"बोक्याची नाही, विषाणूची."

"ते तर आणखीच झालं. बोक्याचा एक फोटो नाही घरात. दागिना गेला आणि चोराचा फोटो जपलायस."

"पिल्लात सापडला तर त्याचीही अक्षरं वाचू. बसवू एखाद्या फांदीवर."

"माझं पिल्लू भिंतीवर नको," धाकटा म्हणाला.

नळीच्या तळाशी घामाच्या थेंबाएवढं काहीतरी होतं.

"एवढंच?"

"एवढंच. कंपनीने बनवलेला नमुना पुढच्या आठवड्यात येतोय. मग हा लागणार नाही. हा मी ठेवून देणार होते."

"कशाला?"

ताईने नळी मुठीत घेतली. आतला थेंब तिच्या बोटांच्या उबेने वितळायला लागला होता.

"आठवडाभर थांबायचं का मग?" त्याने हळूच विचारलं.

"तू थांबशील रे. पिल्लू थांबेल का?"

तिने थेंब ओढून घेतला, मशीनमध्ये पिल्लाच्या नमुन्याशेजारी सोडला आणि झाकण लावलं. रिकामी नळी मात्र कचऱ्यात टाकायची विसरली.

दोघं स्क्रीनसमोर बसले. बराच वेळ दोन्ही रेघा जमिनीला चिकटून होत्या. मग एक उठली. दुसरी आडवीच. मशीनने काम संपल्याची शिट्टी दिली, तरी ती आडवीच.

सिनेमे बघून शहाणा झालेला धाकटा पांढराफटक पडला. "सरळ रेघ. म्हणजे गेलं ना?"

"अरे, इथे उलटं असतं. आडवा आहे तो विषाणूच्या तावडीत नाही. चढलाय तो मेलेला."

त्याने डोळे पुसले, शर्टाच्या बाहीने, लहानपणी पुसायचा तसेच. "मग ओकतंय कशाने?"

"काय खाल्लं असेल?"

धाकट्याने आठवून पाहिलं. "मुलीच्या बाहुलीला टक्कल पडलंय परवापासून."

"मग आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे ने. केस निघतात. विषाणू निघाला नसता."

तो उठला, पण निघाला नाही. स्क्रीनवरची रेघ अगदी वर जाऊन सपाट झाली होती.

"असाच चढायचा," तो म्हणाला. "कपाटावर. आणि मग उतरता यायचं नाही."

"तू खाली टॉवेल पसरून उभा राहायचास."

"तू हसायचीस."

ताईने मशीन बंद करायला हात पुढे केला.

"थांब ना ताई," धाकटा म्हणाला. "आधी त्याला उतरू दे."