बकऱ्यांची दोरी

सकाळी दूध काढून मी दोरी ओढली आणि मानेला मान बांधलेल्या बकऱ्या एका झटक्यात मोकळ्या झाल्या. माझा नवरा नोर्फेल पुटपुटला, "मलाही असंच सुटायचंय." महिनाभर त्याला झोप नव्हती. डोळा लागला की श्वास अडायचा. डॉक्टर म्हणाले, पठाराची ही उंची सोडा, खाली लेहला उतरा. पण तिथे बकऱ्या काय बाजारात चारायच्या? दुपारी दूध काढायला गेले, तर दोरी नाही, तोही नाही. मी धावत सुटले. दगडी कुंपणामागे सापडला, हातात फास. "मेल्या, टाक ती दोरी!" "ओरडू नकोस." त्याने फास मनगटात अडकवला, दुसरं टोक मला दिलं. "रात्री तुझाही डोळा लागतो. आत्ता जागी राहा. श्वास थांबला की ओढ." तो लगेच झोपला. श्वास थांबला. मी ओढलं. त्याने दचकून श्वास घेतला, पुन्हा झोपला. भरल्या आचळांनी बकऱ्या बोंबलत राहिल्या. मी दोरी सोडली नाही.