निळ्या अंड्यांची जात

निळी अंडी घालणाऱ्या त्या जुन्या जातीची शेवटची कोंबडी सोमवारी मेली. मास्तरीणबाईंनी तिला स्वतःच्या हातांनी कुंपणाजवळ पुरलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ही जात टिकवण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं.

मंगळवारी सकाळी त्या रिकामं खुराडं झाडायला गेल्या, तर पेंढ्यात एक निळं अंडं होतं.

"कालचं राहिलं असेल," नवरा म्हणाला.

"कालचं अंडं अजून गरम कसं?"

त्यांनी ते उबवणीच्या पेटीत ठेवलं. खुराड्याला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. तरी बुधवारी पेंढ्यात दुसरं अंडं सापडलं आणि गुरुवारी तिसरं.

"फेकून दे ती. कोंबडा मरून वर्ष झालं, त्यांच्यातून काय निघणार?"

"निघेल ते निघेल. मी ही जात संपू देणार नाही."

एकविसाव्या दिवशी, भर दुपारी, पहिल्या अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. लगेच परसातल्या कुलूपबंद खुराड्यातून, पिलांना जवळ बोलावणाऱ्या कोंबडीचा हलका आवाज आला. अंड्यातलं पिलू क्षणभर गप्प झालं आणि मग जोरात ओरडू लागलं.

नवरा दारात आडवा उभा राहिला. "जाऊ नकोस गं."

"पिलाला आई बोलावतेय. बाजूला व्हा."

त्यांनी अंडं ओंजळीत नेलं आणि कुलूप काढलं. खुराड्यात कोणीही नव्हतं. गुडघ्यांवर बसून त्यांनी अंडं पेंढ्यात ठेवलं आणि ते घरंगळू नये म्हणून वर हात धरला.

त्या हातावर, अगदी अलगद, पिसांचा उबदार भार येऊन टेकला.