खिडकीची चौकट

थंडी सुरू झाल्यापासून सांगत होते, तेव्हा कुठे घरमालक काका आज खिडकी बघायला आले. मफलर सोडून ऐसपैस बसले.

"वारा येतो हो काका. हीटर लावणं परवडत नाही. चौकट तेवढी बदलून द्या."

"कुठे आहे वारा? चांगलं उबदार आहे की घर! तुम्हा आजकालच्या मुलींना उगाच बाऊ करायची सवय."

मी त्यांना चहा दिला. बाळाला आतल्या खोलीत रजईत गुंडाळून ठेवलं. मग काकांच्या पाठीमागे जाऊन पडद्याआडच्या फटींत कोंबलेले बाळाचे मोजे, झबली, टोपडी, सगळं उपसून काढलं.

चहा अर्धाही झाला नव्हता. काकांनी मफलर कानांवरून गुंडाळला आणि माझ्यावरच खेकसले, "अहो, ती खिडकी लावा आधी! घरात तान्हं मूल आहे, एवढंही कळत नाही?"

"लावलेलीच आहे, काका."