बगळ्याचा कप

"अरे, हे वाच जरा," म्हणत हेरंबने फोन मुकुंदपुढे धरला.

आपल्या दोघांच्या संसारावर हेरंब दर रविवारी एक व्यंगचित्र काढून इंटरनेटवर टाकायचा. ओला टॉवेल, खारट झालेली आमटी, घोरणं. कुणी ओळखू नये म्हणून त्याने किडकिडीत मुकुंदला बगळा केलं होतं आणि स्वतःला म्हैस. घर मात्र जसंच्या तसं काढायची त्याला भारी हौस. खिडकीची जाळी, पायपुसणं, मुकुंदचा कान तुटलेला निळा कप. सोसायटीत दोघं मावसभाऊ म्हणून राहत होते.

आजच्या चित्राखाली कुणा अनोळखी वाचकाने लिहिलं होतं, 'हसून हसून पुरेवाट झाली. पण बगळ्याच्या हातात अजून निळा कप कसा? तो तर फुटला ना?'

मुकुंद हसायला लागला आणि मध्येच थांबला. चित्र कालच काढलेलं होतं. कप आज सकाळी त्याच्या हातून फुटला होता.

"तू कुणाला बोललास?" हेरंबने विचारलं.

"कुणाला बोलणार? तुकडे कागदात गुंडाळून दाराबाहेरच्या कचऱ्याच्या बादलीत टाकले."

दोघांनी एकदम दाराकडे पाहिलं. तेवढ्यात बेल वाजली.

बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते, हसतमुख. हातातला नवा कोरा निळा कप त्यांनी हेरंबला ओलांडून नेमका मुकुंदच्या हातात दिला.

"संध्याकाळच्या मीटिंगला दोघेही मावसभाऊ या हं," ते म्हणाले. "सगळ्यांनी वाचलंय."