लाल रेघेच्या खाली

"ही बाई रेघेच्या वर गेली," रुग्णालय मंडळाचे अध्यक्ष ऑर्मरॉड म्हणाले आणि त्यांनी आलेखावर बोट टेकवलं.

बाई म्हणजे मिस उना प्रिचर्ड, हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारी सर्जन. आलेख काढला होता मोइरा टिंडलने. ती त्या रुग्णालयाची संख्याशास्त्रज्ञ. शस्त्रक्रियेत रुग्ण वाचला की सर्जनची रेघ थोडी खाली यायची, दगावला की टुणकन वर उडायची. वर एक लाल रेघ होती. ती ओलांडली की चौकशी.

"यात रुग्ण किती आजारी होता ते अजून धरलेलं नाही," मोइरा म्हणाली. "उनाकडे दुसऱ्यांनी परत पाठवलेले येतात. मला दोन-तीन महिने द्या, तसा हिशेब मांडून देते."

ऑर्मरॉड यांची आयुष्यभर बिस्किटांची फॅक्टरी होती. निवृत्त झाल्यावर गावाने त्यांना रुग्णालय सांभाळायला दिलं होतं. ते प्रेमाने हसले. "अहो मिस टिंडल, तुटलेलं बिस्किट तुटलेलं असतं. ते मुळात किती नाजूक होतं, हे गिऱ्हाईक विचारत नाही."

मंडळ हसलं. चौकशी होईपर्यंत उनाने शस्त्रक्रिया करू नये, असं ठरलं. ठराव चहा येण्याआधी संपला.

दुसरे सर्जन मिस्टर हॅलवेल यांची रेघ मात्र आलेखाच्या तळाशी सुखाने पहुडली होती. चौदा महिन्यांत एकही मृत्यू नाही. स्थानिक वर्तमानपत्राने त्यांचा फोटो छापला, शेजारी त्यांचा कुत्राही होता. उनाचे रुग्ण त्यांच्याकडे वळवण्यात आले. हॅलवेल मोठे सभ्य गृहस्थ. प्रत्येकाला बसायला सांगत, हृदयाची चित्रं नीट पाहत आणि म्हणत, "आपण गोळ्यांवर ठेवू या."

त्यांतले एक होते स्टॅन बर्टल्स, मोइराच्या गल्लीत दोन घरं सोडून राहणारे. एकतीस वर्षं त्यांनी गावात बस चालवली होती. हृदयाची झडप पार खराब झालेली. फाटकापासून दारापर्यंत यायला त्यांना दोनदा थांबावं लागे.

"गोळ्या घेतोय," ते मोइराला म्हणाले. "पण चढावर इंजिन बंद पडत असेल, तर टायरात हवा भरून काय उपयोग? ती प्रिचर्डबाई मला टेबलावर घ्यायला तयार होती. शंभरातले पंधरा जातात, असंही स्पष्ट बोलली. मी म्हटलं, चालेल."

"थोडा धीर धरा," मोइरा म्हणाली. "ती परत येतेय. मी आणतेय तिला."

तिने रविवारसुद्धा सोडले नाहीत. तीन वर्षांच्या फायली काढल्या. वय, मूत्रपिंडं, आधीचे झटके, सगळं मोजलं आणि प्रत्येक रुग्णाच्या जिवाला आधीच किती धोका होता ते ठरवलं. मग रेघा पुन्हा काढल्या. उनाची रेघ लाल रेघेच्या कितीतरी खाली आली. जितके वाचतील असा हिशेब होता, त्यापेक्षा अकरा माणसं तिने जास्त वाचवली होती. हॅलवेल अगदी मधोमध आले. ना चांगले, ना वाईट.

जुलैच्या बैठकीत मंडळाला ते मान्य करावं लागलं. ऑर्मरॉड यांनी नवा आलेख उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे आपली पद्धत बरोबरच होती."

उना पुन्हा शस्त्रक्रिया करू लागली त्याच आठवड्यात मोइरा बर्टल्स यांची फाईल घेऊन जवळजवळ धावतच तिच्या खोलीत गेली. चार महिन्यांत उना वाळली होती. तिने चित्रं दिव्यासमोर धरली. खूप वेळ पाहिली. मग फाईल मिटली.

"गोळ्यांवर ठेवू या."

मोइराला वाटलं, ती थट्टा करतेय. "अगं, आता धोका धरलाय ना हिशेबात. ते गेले तरी तुझी रेघ जेमतेम हलेल."

"पण हलेल," उना म्हणाली. "चार महिने घरी बसून मी तीच बघत होते, मोइरा. आईने फोनवर विचारलं, किती माणसं मारलीस गं. काल एका बाईची छाती उघडली, साधं काम होतं. मला हृदयाच्या आधी रेघ दिसली. असल्या हातांनी स्टॅनना घेऊ?"

"मग ते कुणाकडे जातील?"

उना पुढच्या रुग्णाला बोलवायला उठली.

ते सांगायचं काम मोइराकडे आलं. बर्टल्स दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "आली ना परत ती?" ते म्हणाले. "मग झालं." त्यांनी तिला चहा विचारला. तिने घेतला नाही.

ऑक्टोबरच्या एका सकाळी बायकोसाठी दूध आत आणताना ते दारात कोसळले. मोइरा दफनाला गेली. कामावर परतल्यावर तिने चारही सर्जनांच्या रेघा पाहिल्या. बर्टल्स गेले म्हणून एकही हललेली नव्हती.

डिसेंबरच्या बैठकीत मोठ्या तबकात बिस्किटं होती. उनाची रेघ हॅलवेल यांच्या पुन्हा खाली आलेल्या रेघेला खेटून तळाशी चालली होती. बाकी दोघांच्याही तिकडेच उतरत होत्या. ऑर्मरॉड यांनी आलेख या वेळी सरळ धरला, सगळ्यांना दाखवला, आणि मग मोइराकडे वळून, मनापासून, अगदी वडिलकीने म्हणाले, "जुलैपासून आपल्या टेबलावर एकही माणूस दगावला नाही, मिस टिंडल. याचं सगळं श्रेय तुमचं."